दहाचा एक आणि एकाचे दहा : मुलांना स्थानिक किंमत शिकवण्याची रीत

तिसरीतल्या मुलाला ३४७ ही संख्या लिहून दाखवली आणि तिच्यातल्या ४ ची स्थानिक किंमत विचारली, तर ते बहुधा ‘चाळीस’ असे बिनचूक सांगते. त्यालाच पुढे विचारावे, की ३४७ रुपयांच्या जास्तीत जास्त किती दहाच्या नोटा करून घेता येतील. येथे बरीच मुले ‘चार’ म्हणून मोकळी होतात, कारण दशकाच्या घरात त्यांना चारच दिसत असतो. खरे उत्तर चौतीस आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या पाठांतरातून येऊ शकते. दुसऱ्याचे तसे येत नाही, आणि म्हणून मुलाला स्थानिक किंमत समजली आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर विचारायचा प्रश्न हा दुसराच आहे.

एकक, दशक, शतक ही घरांची नावे पाठ होणे म्हणजे स्थानिक किंमत कळणे नव्हे. संख्यालेखनाचा सगळा डोलारा एका दुहेरी नियमावर उभा आहे : कोणत्याही घरात दहा जमले की डावीकडच्या घरात त्यांचा एक होतो, आणि डावीकडचा एक मोडला की उजवीकडच्या घरात त्याचे दहा होतात. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास एक, दश, शत, सहस्र अशी स्थाने सांगताना ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’ एवढ्या चार शब्दांत हे मांडून ठेवले आहे. शाळेत आणि घरी आपण बहुतेक वेळा या नियमाचा पहिला अर्धा भागच शिकवतो, म्हणजे दहा जमले की गठ्ठा बांधायचा. गठ्ठा सोडायचा सराव फारसा होत नाही, आणि मग वजाबाकीत मूल अडते तेव्हा ‘याला हातच्याची वजाबाकीच जमत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. अडचण वजाबाकीची नसते. ती दोन वर्षे आधी सुटून गेलेल्या अर्ध्या नियमाची असते.

घाई करण्याचे कारण नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणिताच्या अभियानातही पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत आणि तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात एवढीच अपेक्षा ठेवलेली आहे. खाली दिलेल्या पायऱ्या पहिली ते चौथी-पाचवी एवढ्या पट्ट्यात पसरलेल्या आहेत, आणि आधीची पायरी पक्की होण्यापूर्वी पुढची चढू नये.

साहित्याची निवड

सर्वांत चांगले साहित्य म्हणजे काड्या आणि रबरबँड. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला एक खराटा मोडला तरी वर्षभर पुरतील इतक्या काड्या निघतात; टोके बोटांना लागू नयेत म्हणून त्या साधारण एकाच मापाने कापून घ्याव्यात. आइस्क्रीमच्या काड्याही चालतात. त्याशिवाय जाड पुठ्ठा, कात्री आणि चौकटी आखलेली वही लागेल. शंभर मण्यांची माळ, जिच्यात दर दहा मण्यांनंतर रंग बदलतो, ती शाळेत असतेच. घरी असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

पैशांपासून सुरुवात करावी असे अनेकांना वाटते, कारण मुलांना पैशांची ओळख लवकर होते. माझ्या मते पैसे दुसऱ्या फेरीत आणावेत. दहाची नोट ही दहा नाण्यांच्या बदल्यात मिळते, पण ती उघडून पाहिली तर आत दहा नाणी नसतात. काड्यांच्या गठ्ठ्यात मात्र दहा काड्या डोळ्यांना दिसतात आणि रबर काढले की हातात येतात. शिवाय खऱ्या पाकिटात दहा आणि शंभर यांच्यामध्ये वीस आणि पन्नास यांच्याही नोटा येऊन बसतात आणि दहापटीचा क्रम मोडतो. डझनावर विकल्या जाणाऱ्या वस्तू तर या कामासाठी पूर्ण वर्ज्य कराव्यात. वाशीच्या फळबाजारात आंब्याच्या पेट्या डझनांत मोजतात आणि दारावरचा केळेवालाही डझनाचाच भाव सांगतो; बाराचे गट ही चांगली गोष्ट आहे, पण ती पाढ्यांच्या वेळी कामाला येईल.

पहिली पायरी : मूल कोठे आहे ते पाहणे

शिकवण्याआधी एक छोटी चाचणी घ्यावी. ताटात सोळा लिंबे ठेवावीत, मुलाला मोजायला सांगावे आणि कागदावर संख्या लिहून घ्यावी. मग पेन्सिलीने १६ मधल्या सहाभोवती गोल करावा आणि म्हणावे, “बाळा, एवढी लिंबं बाजूला काढून दाखव बरं.” मूल सहा लिंबे काढते. ती तशीच बाजूला ठेवून एकाभोवती गोल करावा आणि तोच प्रश्न विचारावा. येथे पुष्कळ मुले एकच लिंबू उचलतात. ताटात उरलेल्या लिंबांकडे बोट दाखवून विचारावे, “मग ही नऊ कुठे लिहिली आहेत?” मूल गोंधळून कागदाकडे पाहत राहते, किंवा ‘ती तशीच आहेत’ असे काहीतरी सांगते. येथे उत्तर सांगून टाकू नये आणि चूकही म्हणू नये. मुलाच्या दृष्टीने १६ हे एका वस्तुसमूहाचे एकसंध नाव आहे, ‘एक’ आणि ‘सहा’ यांना त्यात वेगवेगळे काम आहे याची त्याला अजून कल्पना नाही, एवढे आपल्याला कळले की चाचणी संपली. ज्या मुलाने न अडखळता दहा लिंबे बाजूला काढली, त्याला पुढच्या पायरीवर आठवडाभरही लागणार नाही.

दुसरी पायरी : गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या

मुलासमोर मूठभर काड्या टाकाव्यात आणि आधी अंदाज विचारावा. नंतर त्याने एकेक काडी मोजावी, आणि दहा झाल्या की स्वतःच्या हाताने रबर लावून गठ्ठा बांधावा. हा गठ्ठा आपण बांधून देऊ नये. मोजणे मध्येच थांबवून ‘आता हे दहा मिळून एक झाले’ हा निर्णय घेणे हेच या पायरीचे मर्म आहे, आणि बांधलेले गठ्ठे समोर आयते आले तर तो निर्णय मुलाच्या वाट्याला येतच नाही.

काड्या मांडण्यासाठी कागदावर दोन घरे आखावीत : डावीकडे दशक, उजवीकडे एकक. येथे एक साधी गोष्ट सांभाळावी. मुलाच्या समोर न बसता त्याच्या शेजारी, त्याच्याच बाजूला बसावे. समोर बसलेल्या माणसाची डावी बाजू मुलाची उजवी होते, आणि डावी-उजवी हाच जिथे सगळा अर्थ आहे, तिथे हा घोळ अकारण वाढतो. वर्गातही घरे फळ्यावर आखून दाखवावीत, मुलांकडे तोंड करून हवेत हात हलवून दाखवू नयेत.

तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या काड्या झाल्या की त्याखाली ३ आणि ४ लिहावे, ‘तीन दशक चार एकक’ असे म्हणावे आणि मग ‘चौतीस’ म्हणावे. असे दहा-बारा वेळा झाले की पुष्कळ पालक आणि शिक्षक ही पायरी संपली असे समजतात. खरे तर ती आता सुरू व्हायची असते. मुलाला सांगावे, की तीनपैकी एक गठ्ठा सोड. आता दोन गठ्ठे आणि चौदा सुट्ट्या काड्या दिसतात. काड्या वाढल्या का, कमी झाल्या का, असे विचारावे. काही मुले पुन्हा सगळ्या काड्या मोजायला बसतात, बसू द्यावे. दुसराही गठ्ठा सोडला की एक गठ्ठा आणि चोवीस सुट्ट्या, आणि शेवटचाही सोडला की नुसत्या चौतीस सुट्ट्या. चौतीस मांडण्याच्या या चारही रीती वहीत एकाखाली एक लिहून घ्याव्यात :

३ दशक ४ एकक
२ दशक १४ एकक
१ दशक २४ एकक
० दशक ३४ एकक

मोजल्याशिवाय ‘सगळीकडे चौतीसच’ असे उत्तर ज्या दिवशी मूल देईल, त्या दिवशी ही पायरी पूर्ण झाली. पुढे दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधून शतक करावे. शंभर काड्या खरोखर मोजून, बांधून एकदा तरी हातात घ्याव्यात, कारण शंभर म्हणजे नेमके केवढे याचा अंदाज मुलांना नसतो. हजार काड्यांचा भारा घरी बांधत बसण्याची गरज नाही. वर्गातल्या दहा मुलांनी आपापले शतक आणले की तो आपोआप होतो.

तिसरी पायरी : नावे आणि अंक यांचा मेळ

मराठी बोलणाऱ्या मुलांपुढे येथे एक खास अडचण उभी राहते. अकरापासून नव्व्याण्णवपर्यंतच्या आपल्या संख्यानामांत जोडसंख्येतला एकक आधी ऐकू येतो आणि दशक नंतर : सत्तेचाळीस म्हणताना सात आधी, चाळीस मागून. लिहिताना मात्र आधी ४ आणि मग ७. त्यातही तीनशे सत्तेचाळीस म्हणताना प्रथम शतक, मग एकक, मग दशक असा उडीचा क्रम होतो, आणि ऐकेल तसे लिहिणारे मूल ३७४ लिहून ठेवते. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. एकोणतीस, एकोणचाळीस या नावांची तऱ्हा आणखी निराळी, कारण त्यांत ‘एकाने कमी’ हा हिशोब दडलेला आहे. चाळीस ऐकू आले म्हणून मूल एकोणचाळीससाठी ४९ लिहिते. एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्व्याण्णवला येऊन मोडते. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर या जोड्या तर पाचवीतल्या मुलांनाही चकवतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन रूढ नावांच्या जोडीने आले, तेव्हा त्यावरून बरेच वादळ उठले. त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्षपदी डॉ. मंगला नारळीकर होत्या. वादात बाजू कोणतीही घ्यावी, घरी शिकवणाऱ्याला त्यातून एक उपयोगी साधन मिळाले, एवढे खरे. माझा कल दोन्ही नावे सोबत चालवण्याकडे आहे. संख्या दाखवली की मुलाने ती तीनदा म्हणावी : ‘चार दशक सात’, मग ‘चाळीस सात’, मग ‘सत्तेचाळीस’. पहिल्या दोन वाचनांत अंकांचा क्रम आणि उच्चारांचा क्रम एकच राहतो, आणि तिसऱ्यात मूल आपल्या घरच्या नावापाशी येते. सत्तेचाळीस सोडून देता येणार नाही. भाजीवाल्यापासून आजोबांपर्यंत सगळे तेच म्हणणार आहेत.

ठाणे आणि नवी मुंबईतली पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात किंवा सेमी-इंग्रजीत शिकतात, त्यांच्यासाठी ही त्रिसूत्री अधिकच कामाची आहे. शाळेत ‘फोर्टी सेव्हन’ आणि घरी ‘सत्तेचाळीस’ यांच्यामध्ये ‘चाळीस सात’ हा चांगला दुवा ठरतो. अशा मुलांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. मराठी लिपीतला एक आणि इंग्रजी पद्धतीचा नऊ दिसायला जवळजवळ सारखे असतात. म्हणून एका बैठकीत एकाच पद्धतीचे अंक वापरावेत.

चौथी पायरी : पुठ्ठ्याची कार्डे आणि शून्य

‘तीनशे पाच’ लिहायला सांगितले की ३००५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ती ऐकलेले शब्द इमानाने कागदावर उतरवतात : आधी तीनशे, मग पाच. तोंडी समजावून ही चूक जात नाही, कार्डांनी जाते.

पुठ्ठ्याची समान उंचीची कार्डे कापावीत. एककांची नऊ कार्डे ३ सेंटिमीटर रुंद, दशकांची नऊ कार्डे ६ सेंटिमीटर, शतकांची ९ आणि हजारांची १२ सेंटिमीटर. एककांच्या कार्डांवर १ ते ९, दशकांच्या कार्डांवर १०, २०, ३० असे ९० पर्यंत, शतकांवर १०० ते ९०० आणि हजारांवर १००० ते ९००० लिहावे, मात्र प्रत्येक अंक स्वतःच्या तीन सेंटिमीटरच्या चौकटीतच यायला हवा. आता ३०० चे कार्ड खाली ठेवून त्यावर ४० चे आणि त्यावर ७ चे कार्ड उजव्या कडा जुळवून ठेवले, की ३४७ दिसते. कार्डे सरकवून वेगळी केली की ३०० + ४० + ७ हे विस्तारित रूप समोर येते. मुलाला हे उघडमीट करण्याचा खेळ फार आवडतो, आणि पुस्तकातल्या ‘विस्तारित रूपात लिहा’ या रुक्ष प्रश्नात एरवी न दिसणारी गोष्ट त्याला येथे दिसते : ३४७ मधल्या तीनाच्या मागे दोन शून्ये दबलेली आहेत.

याच कार्डांनी ३०५ करायला सांगावे. ३०० वर ५ ठेवले की एककाच्या जागचे शून्य झाकले जाते आणि दशकाच्या जागचे उघडे राहते. ३००५ लिहिणाऱ्या मुलाला त्याचेच उत्तर कार्डांनी करायला लावावे. त्यासाठी हजाराचे कार्ड उचलावे लागते, आणि ‘पण मला तर तीनशेच हवे होते’ हे मूल आपणहून म्हणते.

शून्याविषयी मुलांना ‘शून्याला किंमत नाही’ असे सरसकट सांगणे टाळावे. दशकाच्या घरातला शून्य आपल्या घरात सुटा दशक एकही नाही हे सांगतो आणि त्याच वेळी तीनाला शतकाच्या घरात धरून ठेवतो. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्य लिहूनच कोरलेली आहे. चौथी-पाचवीच्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

पाचवी पायरी : इमारतीतले घर क्रमांक

‘घरातला अंक’ आणि ‘संख्येतले एकूण गट’ यांतला फरक समजावण्यासाठी आपल्या भागात एक आयते साधन आहे. घोडबंदर रस्त्यावर, खारघरला किंवा घणसोलीला उंच इमारतींत घरांचे क्रमांक बहुधा मजल्यावरून दिलेले असतात. बाराव्या मजल्यावरचे चौथे घर म्हणजे १२०४. आता मुलाला विचारावे, की १२०४ या संख्येत शतकाच्या घरात कोणता अंक आहे. उत्तर २. मग विचारावे, की या संख्येत एकूण शतके किती. उत्तर १२, आणि लिफ्टमध्ये दाबायचे बटणही तेच. एक हजार म्हणजे दहा शतके, आणि वरची दोन, मिळून बारा. मजला म्हणजे त्या क्रमांकातली एकूण शतके, हे कळले की मूल दारावरच्या पाट्या वाचत सुटते.

३०४ आणि ३४ यांतला फरकही येथे हाताशी येतो. कुरिअरवाल्याने मधला शून्य खाल्ला, तर तिसऱ्या मजल्यावरचे पार्सल कोठे जाईल, असा प्रश्न टाकून पाहावा. मग एक पाऊल पुढे जावे : १२०४ मध्ये एकूण दशके किती? येथे लिफ्ट मदतीला येत नाही, डोके चालवावे लागते. बारा शतकांची एकशेवीस दशके, आणि वर चार सुटे. कागदावर १२० खाली एक रेघ ओढली की उत्तर जागच्या जागी मिळते. पण ही युक्ती मुलाला स्वतः सापडू द्यावी.

याच ओघात एक सावधगिरी बाळगावी. अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट ही मोजलेली राशी नसते. घर क्रमांक १२०४ आहे म्हणून इमारतीत १२०४ घरे नसतात. ठाण्याचा ४००६०१ किंवा वाशीचा ४००७०३ हा पिनकोड ‘चार लाख’ म्हणून कोणी वाचत नाही. त्यात अंकांच्या जागांना अर्थ आहे, पण तो दहापटीचा नाही. बसचा क्रमांक आणि मोबाइल क्रमांक यांचेही तसेच. मुलांना अशा अंकांची यादी करायला लावावी आणि ‘यात एक मिळवला तर एक वस्तू वाढते का’ ही कसोटी लावायला सांगावी.

सहावी पायरी : बेरीज-वजाबाकीतला हातचा

दुसरी पायरी नीट झाली असेल, तर येथे नवे काही शिकवायचे उरत नाही. २६७ + १५८ करताना सात आणि आठ मिळून पंधरा सुट्ट्या काड्या होतात, त्यांतल्या दहांचा गठ्ठा बांधला जातो आणि तो दशकाच्या घरात जातो. हातचा एक म्हणजे हा गठ्ठा. दशके सहा, पाच आणि हा एक मिळून बारा, त्यांतल्या दहांचे एक शतक होते. उत्तर ४२५. मुलाने डोक्यावर लिहिलेल्या एकाकडे बोट दाखवून ‘हा एक म्हणजे किती?’ असे प्रत्येक वेळी विचारावे. एककाकडून आलेल्या हातच्याचे उत्तर ‘दहा’ आणि दशकाकडून आलेल्याचे ‘शंभर’ यायला हवे.

वजाबाकीत शून्ये आली की खरी परीक्षा होते. घरच्या वीजबिलातले चालू आणि मागील रीडिंग हा यासाठी उत्तम कच्चा माल आहे. समजा, चालू रीडिंग ५००३ आणि मागील ४७८६ आहे. तीनातून सहा जात नाहीत, शेजारी शून्य, त्याच्या शेजारी शून्य. मग पाचाकडून घ्या, येथे दहा करा, त्यातला एक पुढे द्या, तेथे नऊ ठेवा, अशी जी मालिका सुरू होते तिच्यात मोठी माणसेही वाट चुकतात. मात्र मुलाला संख्येतले एकूण दशक ओळखता येत असतील, तर काम एका ओळीत होते. ५००३ म्हणजे ५०० दशक आणि ३ एकक. एक दशक मोडला की उरतात ४९९ दशक आणि १३ एकक. ४७८६ म्हणजे ४७८ दशक आणि ६ एकक. तेरातून सहा गेले सात, आणि ४९९ मधून ४७८ गेले एकवीस. म्हणजे वापर २१७ युनिट. उभ्या मांडणीत ५००३ च्या डोक्यावर ४, ९, ९ आणि १३ असे जे आकडे लिहिले जातात, ते याच ४९९ चे अंक आहेत, हे मुलाला शेजारी लिहून दाखवावे.

सातवी पायरी : हजारांपलीकडच्या संख्या

चार अंकांपर्यंत पाया पक्का झाला, की मोठ्या संख्या फारशा जड जात नाहीत. आपल्या पद्धतीत उजवीकडून पहिले तीन अंक सोडून स्वल्पविराम येतो आणि नंतर दर दोन अंकांनी : हजार-दशहजारांची जोडी, लाख-दशलाखांची जोडी, मग कोटी. पाठ करायला दिलेल्या खोट्या संख्यांपेक्षा खऱ्या संख्या घ्याव्यात. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११,२०,५४७ होती. यात शेजारी-शेजारी दोन एक आहेत : डावीकडच्याची स्थानिक किंमत १०,००,००० आणि उजवीकडच्याची १,००,०००. दिसायला जुळे, पण एक दुसऱ्याच्या दहापट. हजाराच्या घरातला शून्य वाचताना ऐकू येत नाही, ‘अकरा लाख वीस हजार’ म्हणताना तो वीसाच्या पोटात जातो, आणि म्हणून ऐकून लिहिताना तो हमखास गळतो.

त्याच जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ नोंदवली गेली. तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. ही संख्या मुलाला आधी ऐकवावी : एक कोटी दहा लाख साठ हजार एकशे अठ्ठेचाळीस. त्याने वहीत कोटी, दशलाख, लाख, दशहजार, हजार, शतक, दशक, एकक अशी आठ घरे आखून मग अंक भरावेत. लाखाच्या आणि हजाराच्या घरांत शून्य येते, आणि घरे आधी आखलेली असल्यामुळे ते विसरता येत नाही. घरे न आखता लिहायला सुरुवात केली, तर मूल कोटी आणि दहा लाख यांच्यामध्ये कितीतरी शून्ये पेरून ठेवते.

इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत पुढे मिलियनची पद्धतही येते. तिच्यात दर तीन अंकांनी स्वल्पविराम असतो, दहा लाखांचा एक मिलियन आणि शंभर लाखांचे, म्हणजे एका कोटीचे, दहा मिलियन. अंक आणि त्यांच्या स्थानिक किमती त्याच राहतात. फक्त स्वल्पविरामांच्या जागा आणि गटांची नावे बदलतात. लाख-कोटीची घडी बसण्याआधी ही पद्धत सुरू करू नये.

दर्शनी किंमत, आणि थोडी परीक्षेची तयारी

दर्शनी किंमत म्हणजे अंक दिसतो तेवढी. ५८५८ मधल्या दोन्ही पाचांची दर्शनी किंमत पाचच, स्थानिक किंमत मात्र ५००० आणि ५०. शिष्यवृत्तीच्या तयारीत या दोन स्थानिक किमतींतला फरक विचारतात, आणि तो ४९५० आहे. ज्याने कार्डे हाताळली आहेत त्याला हा प्रश्न पाच मिनिटांत समजावता येतो, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवू नये.

‘दहाने गुणताना पुढे एक शून्य लाव’ ही युक्ती मात्र शिकवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. ४७ ला दहाने गुणले की प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो, चार दशकांची चार शतके आणि सात एककांची सात दशके होतात, एककाचे घर रिकामे राहते आणि तेथे शून्य लिहावे लागते. पूर्ण संख्यांत दोन्हींचे उत्तर एकच येते. पण दशांश अपूर्णांक आले की शून्य लावणारे मूल २.५ गुणिले दहा बरोबर २.५० लिहिते.

आता पारखण्यासाठी काही प्रश्न, जे पुस्तकांत कमी सापडतात. ३ शतक, १५ दशक आणि १२ एकक मिळून कोणती संख्या होते? उत्तर ४६२. ३९८५ मध्ये ४ दशक मिळवले तर किती? ४०२५. ९९९ मध्ये एक मिळवला की किती घरांत बदल होतो, आणि का? ६४० मधून एकही गठ्ठा न सोडता ३५ काड्या काढता येतील का? पहिला प्रश्न चुकला, तर मुलाला ३१५१२ असे काही लिहावेसे वाटले असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यावर उपाय चौथ्या पायरीची कार्डे हाच. दुसरा किंवा तिसरा चुकला, तर दहा जमल्यावर गठ्ठा पुढे पाठवण्याचा सराव कमी पडला आहे. चौथा चुकला, तर सहाव्या पायरीकडे न जाता दुसऱ्या पायरीकडे परतावे, चौतीस काड्यांऐवजी बावन्न घ्याव्यात आणि त्या मांडण्याच्या सहाही रीती मुलाकडून पुन्हा लिहून घ्याव्यात.